आप्पांच्या दहाव्याला मी बोलले तेव्हा

माझे काका आप्पा गेल्यावर पाचव्या दिवशी चुलतभाऊ म्हणाला, "दहाव्याला घरातलं कुणीतरी बोलायला पाहिजे. तू शाळेत शिकवतेस, तूच बोल."

आमचा दहावा कराडला प्रीतिसंगमावर. पिंडदान, प्रवचन आणि मग श्रद्धांजलीची भाषणं. त्या घाटावरच्या भाषणांत गेलेला प्रत्येक माणूस मनमिळाऊ असतो आणि प्रत्येकाच्या मागे कधीही न भरून येणारी पोकळी राहते. आप्पा मनमिळाऊ नव्हते. एसटीत तीस वर्षं कंडक्टर, सुट्ट्या पैशांवरून अर्ध्या तालुक्याशी वाजलेलं. पहिली एसटी १ जून १९४८ ला पुण्याहून नगरला धावली, आप्पांचा जन्मही १९४८ चा. "आम्ही जुळे. ती अजून पळतीये, माझेच गुडघे गेले," असं म्हणायचे. त्यांच्यावर पोकळीचं भाषण मला जमणारं नव्हतं.

भाच्याने मोबाइलवर एक भाषण दाखवलं. ग्रॅहॅम चॅपमन हा ब्रिटिश विनोदी नट १९८९ मध्ये गेला, तेव्हा त्याच्या शोकसभेत जॉन क्लीज या लेखनातल्या जोडीदाराने त्याला चक्क शिव्या घातल्या होत्या, आणि सभा हसत होती. मी म्हटलं, आपल्या घाटावर असं केलं तर लोक मलाच कृष्णेत ढकलतील. पण एक गोष्ट लक्षात आली. त्याने सुरुवातच मेलेल्या पोपटाच्या नाटुकल्यातल्या शब्दांनी केली होती, आणि ते त्या दोघांनी मिळूनच लिहिलेलं होतं. म्हणजे हसू गेलेल्याच्याच खिशातून काढलेलं.

मग आप्पांचे तीन किस्से लिहिले आणि आधी काकूंना वाचून दाखवले. दोन ऐकून त्या हसल्या. तिसरा त्यांच्या भावाचा होता, आप्पांनी त्याला विनातिकीट पकडून भर रस्त्यात उतरवल्याचा. "तो पुढंच बसंल गं. नको." काढून टाकला. सगळ्यात चांगला तोच होता, आजही हळहळ वाटते.

दहाव्याच्या सकाळी कावळा शिवेना. चुलतभावाने "आईला नीट सांभाळू" म्हणून झालं, "बांधाचा वाद मिटवू" म्हणून झालं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला बसले. तेवढ्यात आप्पांच्या गाडीवरचे जुने ड्रायव्हर मागून बोलले, "आरं, डबल बेल द्या! त्याबिगर गाडी हलल का?" माणसं खाली मान घालून खांदे हलवायला लागली. कावळा आला आणखी दहा मिनिटांनी, पण माझा घसा तिथेच मोकळा झाला.

तरी माइक हातात आल्यावर पहिलं वाक्य साधंच ठेवलं. कोण, कुठले, किती वर्षं नोकरी. हसायला हरकत नाही हे लोकांना कळायला थोडा वेळ लागतो. मग पर्समधून तिकीट काढलं. मशिन यायच्या आधीचं, ट्रेमधलं, पातळ, चिमट्याने भोक पाडलेलं. माझ्या बाराव्या वाढदिवसाला मी आप्पांच्याच गाडीने पाटणला निघाले होते. आदल्या दिवसापर्यंत हाफ. त्या दिवशी आप्पांनी वर बघितलं आणि म्हणाले, "आज बारा पूर्ण. फुल." मी दहाची नोट दिली. सुट्टे नव्हते, म्हणून तिकिटाच्या मागे लिहून दिलं: ३.२५ देणे. खाली सही. सख्ख्या पुतणीला सही!

"ते अजून यायचेत," एवढंच म्हटलं.

आधी ड्रायव्हर काका हसले, मग डेपोची सगळी रांग. मी काकूंकडे बघितलं. त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि डोळे मिटलेले. हसतायत की रडतायत कळेना. पुढचा किस्सा विसरले, कागद हातात असून. "आप्पा, पुढे सरका, जागा आहे," असं काहीतरी बोलून खाली बसले. ते लिहिलेलं नव्हतं.

घाट चढताना एक वयस्कर पाहुणे मला ऐकू जाईल असं म्हणाले, "सुतकात हे शोभतं का?" मी उत्तर दिलं नाही.

संध्याकाळी काकूंनी हाक मारली. बटव्यातून चार रुपये काढून माझ्या हातावर ठेवले. "त्यांचं देणं नको राहायला. पाऊण रुपया परत दे."

माझ्याकडे सुट्टे नव्हते. त्याच तिकिटाच्या मागे, आप्पांच्या सहीखाली लिहून दिलं.