नाव कुणाचं घालायचं?

गेली चौदा वर्षं मी जपानी पाहुण्यांबरोबर दुभाषी म्हणून काम करते. बहुतेक काम कारखान्यांतलं. चाकणला किंवा रांजणगावला कुठल्यातरी लाइनवर उभं राहून नटबोल्टांचं जपानी करायचं. पर्यटकांचे गट कमीच येतात. आले की शनिवारवाडा आणि केळकर संग्रहालय ठरलेलं, शिवाय सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान. ते ओकायामाच्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर केलेलं असल्यामुळे जपानी माणसाला तिथे नेल्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही.

गेल्या डिसेंबरात सात जणांचा गट आला. निईगाता प्रांतातल्या त्सुबामे गावचा. या गावात तांब्याचा एकच सपाट पत्रा ठोकून ठोकून किटली घडवतात, चोचीसकट, कुठेही जोड न देता. जवळच्या याहिको डोंगरात पूर्वी तांबं निघायचं, त्यातून हा धंदा वाढला. तिथलं एक घराणं तर 1816 पासून हेच काम करतंय. गटातले सगळ्यांत वडीलधारे आजोबा चौऱ्याहत्तर वर्षांचे होते आणि स्वतः किटल्या घडवणारे होते. मला हे आधी कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या हातात आलेल्या कागदावर एवढंच होतं: तांबट आळी, वीस मिनिटं, फोटो. त्यानंतर एका मोठ्या हस्तकला दुकानात दीड तास.

त्या दीड तासाबद्दल आधी बोलते, कारण तो मला फार दिवस टोचत होता. दुकानात तांब्याचे जग, पेले, तांबे ओळीनं मांडलेले असतात. बहुतेकांवरचे मठाराचे, म्हणजे हातोडीच्या ठोक्यांचे, ठसे साच्यात दाबून काढलेले. खाली चिठ्ठी ‘हाताने घडवलेले’ अशी. पाहुण्यांनी केलेल्या खरेदीतला ठरावीक वाटा ट्रॅव्हल कंपनीला जातो. ज्या आळीचं नाव सांगून माल विकतात, त्या आळीत त्यातला रुपयासुद्धा पोचत नाही. मी दोन वेळा हे बोलून दाखवलं होतं आणि दोन्ही वेळा ‘ताई, तुम्ही फक्त भाषांतर करा’ हे ऐकून घेतलं होतं.

कसबा पेठेत शिरलं की आळी दिसायच्या आधी ऐकू येते. तांबट मूळचे कोकणातले, पेशवाईत पुण्यात आले. तोफखाना, नाणी आणि वाड्यांमधली भांडी या सगळ्या कामांसाठी त्यांचे हात लागत. आता मोजकीच घरं काम करतात. आम्ही ज्या काकांकडे गेलो, त्यांची जागा म्हणजे दहा बाय बारा फुटांची खोली. भिंतीला टेकून बंबांच्या टाक्या, कोपऱ्यात भट्टी, जमिनीत पक्की बसवलेली खरवई, म्हणजे भांडं ठोकायची ऐरण. तिच्यावर भांडं पालथं घालून काका ठोकत होते.

बाकीच्यांनी फोन बाहेर काढले. आजोबांनी मात्र भांड्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी वाकून काकांना नमस्कार केला आणि बोटानंच विचारलं, ही घेऊ का हातात? काकांनी मठारणी, म्हणजे मठाराची हातोडी, पुढे केली. आजोबांनी ती उलटी करून तोंड उजेडाकडे धरलं. त्यात खिडकी दिसत होती, इतकं ते घासून आरशासारखं केलेलं. मठारणीच्या तोंडावर केसाएवढा ओरखडा असला तरी प्रत्येक ठोक्याबरोबर तो तांब्यावर उतरतो. म्हणून चांगला कारागीर भांड्याआधी हातोडी पुसतो. हे मला आजोबांनी सांगितलं, मी काकांना सांगितलं, आणि काका म्हणाले, ‘हे सांगायला कशाला पाहिजे? त्यांनी तोंड बघितलं तेव्हाच कळलं मला.’

मग काकांनी अर्धवट झालेला एक लोटा घेतला. तळाच्या मध्यापासून सुरुवात, ठशाला ठसा लागून, गोल गोल बाहेर. मधे जागा सुटता कामा नये आणि ठसा ठशावर चढताही कामा नये. हात एकाच जागी पडतो, फिरतं ते भांडं, डाव्या हाताच्या बोटांनी दर ठोक्याला किंचित. ठोकून तांबं कडक होतं, मग भट्टीत लाल करून मऊ करायचं, पाण्यात बुडवायचं, चिंचेनं घासायचं, पुन्हा बसायचं. मठार केवळ शोभेसाठी नसतो. पातळ पत्र्याला ताकद त्यातूनच येते. आजोबांनी भांड्यात हात घालून आतून बोटं फिरवली आणि डोळे मिटून कितीतरी वेळ तसेच बसले. खरवईकडे बोट करून त्यांनी सांगितलं, आमच्याकडे हिला तोरिगुची म्हणतात, पक्ष्याचं तोंड. आम्ही ती झेल्कोवा झाडाच्या ओंडक्यात रोवतो आणि त्याच ओंडक्यावर बसतो.

वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. फोन वाजत होता. मी तो पर्समध्ये टाकला.

त्या दिवसाची खरी गोष्ट पुढे घडली. आजोबांनी लोट्याची किंमत विचारली. काकांनी तो तराजूत टाकला. चारशे दहा ग्रॅम. मी भाषांतर केलं: वजनावर. आजोबांना वाटलं, माझी काहीतरी चूक झाली. त्यांनी दुसऱ्या शब्दांत पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं. तांब्याचा भाव किलोवर, आणि व्यापारी देतो ती मजुरीही किलोवरच. म्हणजे जाड, ओबडधोबड घंगाळ केलं तर चार पैसे जास्त, आणि अख्खी दुपार घालवून असा नाजूक लोटा केला तर कमी. आजोबा हळू आवाजात म्हणाले, ‘म्हणजे हात जितका तयार, तितकं उत्पन्न कमी?’ हे वाक्य मराठीत आणताना माझा आवाज नीट राहिला नाही. काकांनी मान हलवली. ‘म्हणून तर पोरगा बँकेत लागलाय,’ एवढंच बोलले.

आजोबांनी लोटा पालथा केला आणि तळाशी काहीतरी शोधू लागले. त्यांनी विचारलं, यावर ‘मेई’ नाही? मी म्हटलं, काका, नाव नाही का घातलेलं, विचारताहेत. काकांचा चेहरा खुलला. ‘घालू की! कुणाचं घालायचं? त्यांचं की नातवाचं? आणि तारीख काय?’

चूक माझी होती. मेई म्हणजे घडवणाऱ्यानं आपल्या कामावर उमटवलेली खूण. आपल्याकडे भांड्यावर नाव म्हटलं की ते देणाऱ्याचं किंवा घेणाऱ्याचं. लग्नात मामाकडून, मुंजीत आत्याकडून, खाली तिथी. माझ्या माजघरातल्या प्रत्येक भांड्यावर कुणाचं ना कुणाचं नाव आहे, पण करणाऱ्याचं एकावरही नाही. चाळीस वर्षं मी ती भांडी घासतेय आणि हे माझ्या कधी लक्षातही आलं नव्हतं.

मी नीट समजावून सांगितलं तसे काका गप्प झाले. म्हणाले, ‘आमचं कशाला? आम्हाला कोण विचारतंय?’ आजोबा म्हणाले, ‘मी विचारतोय. पंधरा वर्षांनी याला पोचा पडला तर दुरुस्तीला कुणाकडे पाठवू?’

काकांनी बारीक छिन्नी घेतली. नाव कोरायला त्यांना जितका वेळ लागला, तितका मघाशी ठशांच्या दोन ओळींना लागला नसेल. पहिलं अक्षर वाकडं आलं. आजोबांनी तराजू बाजूला सरकवला आणि दुपारभराच्या कामाचे तास मोजून पैसे दिले. काका नको नको म्हणत होते. ते घ्या, एवढंच मी स्वतःच्या पदरचं बोलले.

परतताना गाडीत आजोबांनी सांगितलं की जपानमध्ये 1974 साली पारंपरिक कारागिरीसाठी कायदा झाला आणि 1981 मध्ये त्यांच्या गावच्या तांबेकामाला त्यात स्थान मिळालं. पण कायद्यानं गिऱ्हाईक येत नाही. 2013 पासून त्सुबामे आणि शेजारचं सान्जो मिळून दर वर्षी काही दिवस कारखान्यांची दारं लोकांसाठी उघडतात. घाम, धूर, आवाज, सगळं बघू देतात. ज्यानं आपल्या डोळ्यांनी ठोकताना पाहिलं, तो किंमत विचारताना घासाघीस करत नाही. आपल्याकडे पंजाबातल्या जंडियाला गुरू गावच्या ठठेऱ्यांचं, म्हणजे तिथल्या तांबटांचं, काम 2014 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेलं, हे मी त्यांना सांगितलं. पुण्याच्या आळीबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं.

त्या ट्रॅव्हल कंपनीनं मला परत काम दिलं नाही. दुकान चुकलं याचा राग. हरकत नाही. आता मी स्वतःच लहान गट नेते. एका वेळी पाचाच्या वर माणसं नाहीत, कारण त्या खोलीत सहावा बसला की काकांचा कोपर अडतो. अर्धा दिवस ठेवलेला असतो. तासाची मजुरी आधी काकांच्या हातात, वस्तू कुणी घेवो न घेवो. ठोकायला बसायचं तर जुन्या पत्र्यावर, चालू कामावर नाही. शेजारच्या नव्या इमारतीतून आवाजाची तक्रार येते, म्हणून दुपारी दोन ते चार आम्ही जातच नाही. मार्चपर्यंत चार गट झाले, दोन जपानी, एक कोरियन, एक पुण्यातलाच. पुण्यातल्या गटानं सगळ्यांत जास्त घासाघीस केली आणि सगळ्यांत जास्त प्रश्नही विचारले.

काका आता प्रत्येक नगावर खूण करतात. अजून त्यांचा हात तिथे अवघडतो.

परवा आजीचं तांब्याचं घंगाळ पोचे काढायला त्यांच्याकडे नेलं. काठावर आजीचं नाव, तिच्या भावाचं नाव, 1958. काकांनी ते गरकन फिरवलं, मठारावरून अंगठा नेला, उजेडाला तिरपं धरलं. मी वाट बघत उभी होते.

‘आळीतलंच आहे,’ ते म्हणाले. ‘हात चांगला होता. कुणाचा, ते आता नाही सांगता यायचं.’