गॅस बंद केला तरी

मित्र चिकमगळूरला जाऊन आला आणि येताना माझ्यासाठी अर्धा किलो कॉफीचे कच्चे दाणे घेऊन आला. म्हणाला, घरी भाजून बघ, मजा येते. पिशवी उघडली तर कॉफीचा वास वगैरे काही नाहीच, हिरवट-राखाडी खडे आणि वास ओल्या गवताचा. आईने चार दाणे तळहातावर घेतले, नखाने टोकरून बघितले आणि विचारलं, "रात्रभर भिजत घालायचे का रे?"

तिचं पण चूक नाही. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध-साखरेत उकळलेली, वर जायफळ किसलेली, ती पण उपासाला नाहीतर कोणाला बरं नसलं की. त्यात कॉफीचा वास कुठला आणि जायफळाचा कुठला हे मला चाळिशीपर्यंत कळलं नव्हतं. हल्ली कोथरूडपासून कोरेगाव पार्कपर्यंत कॅफेच कॅफे झालेत, मेन्यूवर लाइट रोस्ट, मीडियम रोस्ट म्हणजे कमी भाजलेली, मध्यम भाजलेली, पुढे संत्र्याची झाक, गुळाची गोडी असलं काय काय लिहिलेलं असतं, मी आपला मान डोलावतो आणि पितो, संत्रं मला एकदाही सापडलेलं नाही.

तर आजीची लोखंडी कढई काढली, 150 ग्रॅम दाणे टाकले, मध्यम आच, हातात उलथणं. पहिली पाच मिनिटं काही म्हणजे काहीच होत नाही, कारण दाण्यात दहा-बारा टक्के पाणी असतं ते आधी उडायला हवं. मग दाणे पिवळे पडतात आणि खरी गंमत वासाची सुरू होते, गवताचा वास जातो, भाजक्या पावासारखा येतो, त्यानंतर थेट फुटाण्याच्या भट्टीसमोर उभं राहिल्यासारखा. साधारण दीडशे डिग्रीच्या पुढे दाण्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांवर काम करायला लागतात, त्याला मेलार्ड रिअॅक्शन म्हणतात, नाव कठीण आहे पण पोळीवर तपकिरी ठिपके पडतात ते यामुळेच, भाजणीचा खमंगपणाही यातूनच येतो. म्हणजे आपल्या घराघरात रोज चालू आहे.

दोनशे डिग्रीच्या आसपास दाणा फुटतो. आतली वाफ आणि वायू कोंडून कोंडून शेवटी दाण्याला तडा देतात, टप् टप् असा आवाज येतो, लाह्या फुटल्यासारखाच पण जरा दबका. भाजणारे याला फर्स्ट क्रॅक म्हणतात. इथून पुढे दाणा पिण्यालायक झाला, आता कुठे थांबायचं ते तुमचं तुम्ही ठरवा.

मी घाबरून लगेच थांबलो. दाणे दालचिनीच्या रंगाचे, दिसायला सुरेख. दळून काळी कॉफी केली, आईने एक घोट घेतला आणि म्हणाली, "चिंचेचं सार केलंयस का?" खरं सांगायचं तर कमी भाजलं की दाण्यातली आम्लं बरीचशी टिकून राहतात, मळ्याची माती, उंची, कॉफीची जात हे सगळं त्या आंबटपणातूनच कळतं म्हणे, कॅफेवाल्यांचं संत्रं ते हेच. पण त्याला पण नीट भाजावं लागतं, माझं मधून कच्चट राहिलं होतं, आंबटपणाला मागे गोडी नव्हती.

दुसऱ्या वेळी ठरवलं, आता चांगलं काळं करायचं. फर्स्ट क्रॅक होऊन गेला, जरा शांतता झाली, मी फोन बघत बसलो आणि तेवढ्यात मोहरी तडतडावी तसा बारीक आवाज सुरू झाला. हा सेकंड क्रॅक, साधारण सव्वादोनशे डिग्रीला, इथे दाण्याच्या पेशी मोडायला लागतात आणि आतलं तेल वर येतं. मी पटकन गॅस बंद केला. तडतड थांबेना. धूर गॅलरीतून खाली, दाण्यांचे सुटलेले पापुद्रे उडून खालच्या काकूंच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरीवर, आणि काकू ओरडतायत काय जळतंय म्हणून.

आई शांतपणे आली आणि कढई उचलून चाळणीत उपडी केली. "अरे गॅस बंद केलास, कढई थंड केलीस का? रवा भाजताना नाही का शेवटी पातेलं उतरवून पण हलवत राहतो." मोठ्या मशीनवर कॉफी भाजणाऱ्यांकडे पण हेच असतं, फिरत्या ड्रममधून दाणे बाहेर पडले की लगेच खालून हवा ओढून गार करतात, नाहीतर दाणा आपल्याच उष्णतेवर भाजत राहतो. आमच्याकडे टेबलफॅन लावला. वजन केलं तर 150 चे 120 भरले, दाणे मात्र फुगून दीडपट. काळे, तेलकट, चमकणारे. काळी भाजलेली कॉफी म्हणजे जास्त कडक असं मला वाटायचं, पण भाजल्याने कॅफिन फारसं बदलत नाही, वाढतो तो कडूपणा.

बरणीत भरून झाकण घट्ट लावलं, सकाळी उघडलं तर फस्स! भाजलेल्या दाण्यातून कार्बन डायऑक्साइड कितीतरी दिवस निघत राहतो, म्हणूनच तर कॉफीच्या पाकिटांना ते छोटं बटणासारखं छिद्र असतं, मला वाटायचं वास घेण्यासाठी आहे. आई म्हणाली, "मुरू दे चार दिवस." लोणचंच झालं ते.

ती करपलेली मी टाकूनच देणार होतो, पण आईने चार दिवसांनी दूध-साखर घालून केली. आणि ती लागली थेट रास्ता पेठेतल्या त्या दळून देणाऱ्या दुकानातल्या कॉफीसारखी, लहानपणी बाबा मला पाठवायचे तिथे, दुकानदार पहिला प्रश्न चिकोरी किती घालू असा विचारायचा. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, कॉफीच नाही, नुसता दाटपणा आणि रंग. दुधात आंबट कॉफी फाटल्यासारखी लागते, कडू कॉफी तग धरते, दक्षिणेत फिल्टर कॉफीला दाणे एवढे काळे का भाजतात ते तेव्हा कुठे डोक्यात शिरलं.

करपलेल्या बरणीचा तळ गुरुवारी लागला. पहिली अजून तशीच आहे, आईने तिच्यावर चिकटपट्टी लावून 'आंबट' असं लिहून ठेवलंय.