पाणी तापवण्याचा रॉड आणि जंक्शन बॉक्समधला जोड

डिसेंबरच्या थंडीत आमच्या पंचवटीतल्या जुन्या घरी वीस लिटरची बादली तापायला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागू लागला, तेव्हा ओळखीच्या वायरमनने रॉड कमजोर झाल्याचे निदान केले आणि शेजाऱ्यांनी व्होल्टेज कमी येत असल्याचे. दोन्ही शक्यता तपासता येण्याजोग्या होत्या, म्हणून नवा रॉड आणण्याआधी मी सातपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात असलेल्या मेहुण्याकडून व्होल्टेज मोजायला मल्टिमीटर आणि वायरीभोवती चिमटा लावून धारा मोजणारे क्लॅम्प मीटर मागून आणले.

रॉडवर 230 व्होल्ट आणि 1500 वॅट असे छापलेले होते. शक्ती म्हणजे व्होल्टेज गुणिले विद्युतधारा, त्यामुळे 1500 भागिले 230 म्हणजे सुमारे 6.5 ॲम्पिअर धारा अपेक्षित होती. आणि ओहमच्या नियमाने, म्हणजे व्होल्टेज भागिले धारा या हिशेबाने, 230 भागिले 6.52, म्हणजे सुमारे 35.3 ओहम हा रॉडचा रोध ठरत होता. प्रत्यक्ष मोजणी या आकड्यांशी ताडून पाहायची होती.

क्लॅम्प मीटरचा चिमटा सरळ रॉडच्या वायरीभोवती लावला की शून्य दिसते, कारण फेजमधून जाणारी आणि न्यूट्रलमधून परतणारी धारा एकमेकींचा परिणाम खोडून काढतात. त्यासाठी मेहुण्याने फेज, न्यूट्रल आणि अर्थिंगच्या वायरी सुट्या ठेवलेला एक छोटा एक्स्टेन्शन बोर्ड करून दिला होता. चिमटा त्यातल्या एकट्या फेजभोवती बसवायचा आणि बोर्डवरच्या दुसऱ्या सॉकेटवर व्होल्टेज मोजायचे. मल्टिमीटरची लाल पिन ॲम्पिअरच्या भोकात राहिलेली असताना व्होल्टेज मोजायला जाणे म्हणजे थेट शॉर्ट सर्किट करणे, म्हणून प्रत्येक वेळी ती पिन पाहूनच मीटर लावावे.

रॉड बंद असताना सॉकेटवर 231 व्होल्ट होते. एवढ्यावर थांबलो असतो, तर व्होल्टेज उत्तम आहे असे म्हणून वायरमनचे निदान मान्य करावे लागले असते. पाण्यात बुडवलेला रॉड सुरू करताच मात्र तोच आकडा 206 वर आला आणि क्लॅम्प मीटरने 5.85 ॲम्पिअर दाखवले. 206 भागिले 5.85 म्हणजे 35.2 ओहम, रॉडचा रोध छापील आकड्यांवरून निघणाऱ्या रोधाइतकाच होता, अर्थात रॉड निर्दोष होता. त्याला मिळणारी शक्ती मात्र 206 गुणिले 5.85, म्हणजे सुमारे 1205 वॅटच होती. व्होल्टेज दहा टक्क्यांनी घटले की शक्ती जवळजवळ वीस टक्क्यांनी घटते, कारण रोध तोच राहिला तर शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते.

हा हिशेब सरळ बसला तो रॉडमधल्या नायक्रोमच्या तारेमुळे, कारण तापल्यावरही तिचा रोध फारसा बदलत नाही. जुन्या 100 वॅटच्या पिवळ्या बल्बचा रोध गणिताने 529 ओहम येतो, पण थंड बल्बला मीटर लावले तर तो 40 ओहमच्या आसपास भरतो; त्यातल्या टंगस्टनच्या तारेचा रोध तापल्यावर कितीतरी पट वाढतो. मोटारीच्या पंपाला तर नुसता व्होल्टेज-धारेचा गुणाकारही पुरत नाही, तिथे पॉवर फॅक्टर, म्हणजे त्या गुणाकारातला किती हिस्सा प्रत्यक्ष शक्ती ठरतो ते प्रमाण, धरावा लागतो.

आता शेजाऱ्यांचे म्हणणे तपासायचे होते. रॉड चालू ठेवूनच मेन स्विचशेजारच्या सॉकेटवर मोजले, तर तिथे 229 व्होल्ट होते. म्हणजे पुरवठ्यात दोनच व्होल्टची घट होती आणि उरलेले 23 व्होल्ट घरातल्या घरातच हरवत होते. 23 भागिले 5.85 म्हणजे 3.9 ओहम. मेनपासून न्हाणीघरापर्यंत जाऊन-येऊन तीस मीटर तांब्याची 1.5 चौरस मिलिमीटरची वायर आहे. तिचा रोध किलोमीटरला सुमारे 12 ओहम धरला, तर या अंतराला जेमतेम 0.36 ओहम येतो. उरलेले साडेतीन ओहम कुठल्या तरी जोडात असणार होते, आणि धारेच्या वर्गाने गुणले तर तिथे सुमारे 120 वॅट उष्णता निर्माण होत होती. एवढी उष्णता भिंतीत लपून राहणे मला शक्य वाटेना.

मेन स्विच बंद करून, टेस्टरने खात्री करून घेऊन वायरमनने न्हाणीघराबाहेरचा जंक्शन बॉक्स उघडला. न्यूट्रलच्या वायरी नुसत्या पिळून त्यावर टेप गुंडाळलेली होती. टेप कडक होऊन तडकली होती, आतले तांबे काळे पडले होते आणि बॉक्सच्या झाकणाची आतली बाजू तपकिरी झाली होती. त्याने काळा पडलेला भाग कापून टाकला, नवे टोक सोलले आणि स्क्रूच्या कनेक्टरमध्ये घट्ट आवळले. रॉडबद्दल तो पुन्हा काही बोलला नाही.

त्यानंतर रॉड चालू असताना न्हाणीघरात 226 व्होल्ट आणि 6.4 ॲम्पिअर भरले, म्हणजे सुमारे 1446 वॅट. वीस लिटर पाणी 18 अंशांवरून 45 अंशांवर न्यायला 1205 वॅटने गणिताप्रमाणे 31 मिनिटे लागतात, तर आता 26 पुरतात. मेनवर या वेळीही 229 व्होल्टच होते. उरलेली तीन व्होल्टची घट म्हणजे 0.47 ओहम, त्यातले 0.36 वायरीचे, आणि बाकीचे थोडे सॉकेट आणि स्विचच्या स्पर्शबिंदूंचे.