पिस्ताची आंघोळ: चिकट पिसांचा चोर सापडला

मागच्या वेळी लिहिलं होतं, आमची बजी (छोटा पाळीव पोपट) पिस्ता आंघोळ करून वाळली की छातीवरची पिसं झुबक्यांनी चिकटलेलीच राहतात आणि ती दिवसभर चोचीनं तेच उस्तरत बसते. माइट्सपासून (पिसांतल्या बारीक किड्यांपासून) शेपटीजवळच्या तेलग्रंथीपर्यंत सगळ्यांवर संशय घेऊन झाला. तर मंडळी, चोर पाण्यातच होता.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, ऐन खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीतलं पाणीच खारट असलेल्या भागात. बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही, तोट्यांवर पांढरा थर चढतो. प्यायला जारचं, वापरायला बोअरचं, ही घरोघरची रीत. पिस्तालाही तीच लागू होती. सध्या मोल्ट (जुनी पिसं गळून नवी येणं) चालू असल्यानं ट्रेमध्ये पिसांचा सडा असतो. त्यातून सारखी दोन निवडली. एक बोअरच्या पाण्यात बुडवलं, एक जारच्या, आणि दोन्ही फडक्यावर वाळवली. जारच्या पाण्यातलं पीस देठाकडून टोकाकडे बोटांतून ओढलं की तंतूंचे आकडे एकमेकांत अडकतात आणि चेनसारखं सगळं पुन्हा सलग होतं. बोअरचं काही केल्या मिटेना. मोबाइलनं झूम करून पाहिलं तर फटीफटीत पांढरे कण! पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर लावला: जार १०० च्या आत, बोअर २००० च्या वर. पिण्याच्या पाण्याला ५०० पर्यंत ठीक मानतात. दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. आमचं त्याच्याही पुढे. आणि पिसं विंचरताना ते मीठ जातं कुठे? तीस-चाळीस ग्रॅमच्या पाखराच्या पोटात.

आता मातीच्या पसरट परळीत जारचं पाणी, बोटाच्या पेराएवढं, सकाळीच, म्हणजे रात्रीपर्यंत अंग खडखडीत वाळतं. दोन-तीन आंघोळींतच छाती मोकळी दिसू लागली. मानेवरच्या पिन फेदरची (नव्यानं उगवणाऱ्या पिसांची) टरफलंही भिजून मऊ होतात. मग ती मान वाकडी करून बोट पुढे करायची वाट बघते. हे लाड मी आनंदानं पुरवते.

आजीला मात्र हे पटलेलं नाही. "मानसाले पानी पुरत नाई अन् पाखराले जारचं? वरतून भिजलं तं मरन ते!" अर्धा पेला पाण्यासाठी रोज हे ऐकायचं. म्हणून ठरवलं होतं, मृग लागला की टिनावरचं पाणी धरायचं, पहिले दोन-चार पाऊस वाहू देऊन. तोवर बोलणी खायची.

पिंजऱ्याच्या दाराला अडकवायचा प्लास्टिकचा बाथ मागवणार होते, तो बेत रद्द. कुंभाराची परळ खरखरीत असते, पाय घसरत नाही. 'पिसांना चमक' वाली सुगंधी बाटलीही एकदा मागवून झाली. लेबलवर घटकांचा पत्ता नाही, आणि वास असा की पिस्ता कोपऱ्यात जाऊन बसली. साबण, शाम्पू, खोबरेल, काही लागत नाही. फवारा वापरायचा तर नवी कोरी बाटली घ्या. कपाशीच्या घरात कुठल्या बाटलीत कुठलं फवारणीचं औषध होतं याचा भरवसा नसतो.

आमचा दुसरा बजी लिंबू परळीकडे फिरकतही नव्हता. पण परसातली, बिनफवारणीची मेथी ओली करून जाळीला टांगली आणि साहेब चक्क त्यात घुसले! ऑस्ट्रेलियात बजी दवानं ओल्या गवतात अंग घासतात, त्यातलाच प्रकार. डोक्यावर मेथीचं पान घेऊन बराच वेळ बडबडत होता.

अरे, हे लिहिताना लक्षात आलं: कूलर नुकताच बाहेर काढलाय आणि त्यातही बोअरचंच पाणी. त्याच्या जाळीवर दरवर्षी पांढरा थर बसतो, आणि पिंजरा नेमका समोर! त्याच्या तुषारांतून मीठ येत असेल तर परळीतलं पाणी बदलून अर्धंच काम झालं. मृगाची वाट नंतर बघू. आज पिंजऱ्याला काळी चिंधी बांधून कूलर चालू ठेवते. पांढरे ठिपके पडले तर पिंजरा मागच्या खोलीत.