वहीवरचा आकडा : १००० ते २५०

फेब्रुवारीत नवी वही आणली आणि पुठ्ठ्यावर जाड मार्करने १००० लिहिलं. यार्ड. एवढ्या लांबून रायफलने नेम साधायचा. तोवर मी जेमतेम चाळीस काडतुसं उडवली होती, तीही १०० यार्डांवर. निशाणबाजीचे आणि शिकारीचे व्हिडिओ मात्र शंभर-दीडशे तासांचे पाहून झाले होते, त्यामुळे आकडा अगदी आवाक्यातला वाटत होता. आज ऑक्टोबर संपत आला. पुठ्ठ्यावर १००० वर काट आहे, खाली ६०० वर काट, त्याखाली ४०० वर काट, आणि सगळ्यात खाली २५०. ही नोंद त्या काटांची.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात. मी कोलोराडोत, डेन्व्हरच्या उत्तरेला राहतो. ग्रीन कार्ड आल्यावरच रायफल घेतली. एच-वन-बीवरचे मित्र विचारतात म्हणून सांगतो: फेडरल कायद्यात बिगर-स्थलांतरित व्हिसावाल्यांना बंदूक बाळगायला मुळात मनाई आहे, शिकारीचा वैध परवाना हा त्यातला एक अपवाद. तरी वकिलाला विचारल्याशिवाय दुकानाची पायरी चढू नका. आणि भारतात शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली बंद आहे, तेव्हा खालचं सगळं इथलं, इथल्या परवान्यावरचं समजावं.

इथे शिकारीचा परवाना काढायला आधी हंटर एज्युकेशनचा कोर्स करावा लागतो. १ जानेवारी १९४९ च्या आधी जन्मलेल्यांना त्यातून सूट आहे. म्हणजे माझे बाबा सत्त्याहत्तरीत इथे आले तर थेट परवाना, आणि मी मात्र संध्याकाळी लॅपटॉपसमोर बसून परीक्षा देणार. बाबांना हे फोनवर सांगितलं तेव्हा ते बराच वेळ हसत होते.

रायफल ६.५ क्रीडमूर काडतुसाची, नळी २२ इंची. हे काडतूस हॉर्नडी कंपनीने २००७ साली मुळात निशाणबाजीच्या स्पर्धांसाठी आणलं. धक्का कमी, गोळी लांबुडकी, वारा कमी खाते. व्हिडिओवाले सगळे याच्याच प्रेमात, म्हणून मीही.

मार्च. स्कोप, म्हणजे रायफलवरची दुर्बीण, स्वतः बसवला. यात व्हिडिओंचा खरंच उपयोग झाला, कारण हे हाताचं काम आहे आणि हात दाखवता येतात. गॅरेजच्या तुळईला ओळंबा टांगला, वीस पावलांवर रायफल ठेवली आणि स्कोपमधली उभी रेघ ओळंब्याच्या दोरीशी जुळवली. रेघ तिरकी राहिली तर १०० यार्डांवर काही कळत नाही, पण लांब गेलं की नेम वर घ्यायला फिरवलेले स्कोपचे क्लिक गोळीला थोडं बाजूलाही सरकवतात. स्क्रू टॉर्कच्या पान्याने, मोजून आवळले. पहिला पाच गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे भोकांचा पसारा, २.३ इंच. महिनाअखेर १.२.

मे. व्हिडिओत पाहून फोनमध्ये बॅलिस्टिक अॅप भरलं; गोळी कुठल्या अंतरावर किती खाली येईल ते हे सांगतं. काडतुसाच्या खोक्यावर छापलेलं: गोळीचं वजन १४३ ग्रेन, वेग सेकंदाला २७०० फूट. तेच टाकलं. ५०० पर्यंत नेमाचा पोलादी पत्रा वाजत होता. ८०० वर गोळ्या पत्र्याखालच्या मातीत. एकामागून एक सहा, सगळ्या खाली. मी चापाला दोष दिला, मग श्वासाला, मग नशिबाला. शेजारच्या बाकावरच्या आजोबांनी आपला क्रोनोग्राफ, म्हणजे गोळीचा वेग मोजायचं यंत्र, माझ्या नळीशेजारी ठेवला. सरासरी २६४०. खोक्यावरचा वेग २४ इंची चाचणी-नळीचा असतो, माझी नळी दोन इंचांनी आखूड. साठ फुटांचा हा फरक ५०० वर दोन-तीन इंच भरतो आणि पत्र्याच्या आकारात खपून जातो. ८०० वर तो आठेक इंच होतो. आकडा बदलला, सातवी गोळी पत्र्यावर. हे सगळं एका व्हिडिओत सांगितलेलंही होतं. मी तो भाग पुढे ढकलला होता, कारण मला स्फोट आणि टणत्कार बघायचा होता.

जून. १००० यार्डांवर दोन फुटी पत्र्यावर दहांपैकी तीन. घरी येऊन श्रीखंड. पण त्या दिवशी सकाळचे सात वाजले होते आणि गवताचं पातंही हलत नव्हतं, हे वहीत लिहिलंय, व्हॉट्सअॅपवर नव्हतं लिहिलं.

पुढच्या शनिवारी वारा होता आणि तिथे शून्य. स्पॉटिंग स्कोपमधून पत्र्याच्या वरची हवा उकळताना दिसते. इंग्रजीत मिराज, आपल्याकडे मृगजळ, आणि शिकाऱ्याला यापेक्षा चांगला शब्द मिळणार नाही. ते डावीकडून उजवीकडे ओढ्यासारखं वाहू लागलं की वाराही डावीकडचा. सरळ वर उकळत असेल तर वारा पडलेला किंवा तोंडावर-पाठीवर. एवढं व्हिडिओने शिकवलं. पण ओढा ताशी ४ मैलांचा की ८ चा, हे पडद्यावर कळत नाही. तासन्‌तास बघून, आकडा मनात धरून, मग हातातल्या वारामापकावर पडताळून बघावं लागतं. ताशी १० मैलांचा आडवा वारा ५०० यार्डांवर माझी गोळी साधारण फूटभर सरकवतो. मी त्या काळात वारा निम्म्याने चुकत होतो.

जुलै. दोन लाजिरवाण्या गोष्टी.

पहिली टरेटची, म्हणजे नेम वर-खाली करायच्या स्कोपवरच्या चकतीची. ५०० साठी ती २.७ मिल (कोनाचं माप) वर नेली, मारून झालं, जेवलो, परत आलो, १०० च्या कागदावर नेम धरला. कागदावर काहीच नाही. दुसरी मारली, तेही नाही. भोकं कागदाच्या वर, लाकडाच्या चौकटीत, जवळजवळ दहा इंच उंच. टरेट खाली आणायचा राहिला होता. मैदानावर चौकट फुटली, रानात जनावराच्या पाठीवरून गोळी गेली असती, किंवा त्याहून वाईट. आता बोल्ट मागे घेतला की डावा हात आपोआप टरेटवर जातो. जेवणाच्या ताटाभोवती पाणी फिरवावं तसं.

दुसरी गोष्ट मोठी. ग्रुप मध्येच पसरायचा आणि कारण सापडेना. एवढे व्हिडिओ बघूनही सुचलं नव्हतं ते बायकोला सुचलं: "अरे, त्यांचे बघतोस, एकदा स्वतःचा बघ ना." तिने फोन बाजूला ठेवून संथ गतीत चित्रण केलं. घरी टेबलावर बसून दोघांनी पाहिलं. चाप सुटायच्या क्षणभर आधी माझे डोळे मिटतात. घट्ट. आणि उजवा खांदा पुढे येतो, कोणी ढकलणार आहे असं समजून. मी स्वतःला चांगला शांत माणूस समजत होतो. बायको म्हणाली, "दिवाळीत लवंगी लावताना पण तू असाच करतोस."

त्यानंतर सहा आठवडे एकच व्यायाम. ती माझ्या नकळत मॅगझिनमध्ये खरी काडतुसं आणि डमी मिसळून भरायची. डमीवर चाप ओढला की नळी जागच्या जागी राहायला हवी. पहिल्या दिवशी दहांपैकी आठ डमींवर नळीने मान खाली घातली. सोबत घरी रोज वीसदा ड्राय, म्हणजे रिकाम्या रायफलीचा चाप ओढायचा. काडतुसं दुसऱ्या खोलीत, कुलपात. याच काळात शिकारवाल्यांचे व्हिडिओ सोडून मी थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून) रायफल सामने बघू लागलो. कोल्हापूरजवळच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसला २०२४ मध्ये ब्राँझ मिळवलं ते ५० मीटरवर. माझ्या पत्र्याच्या मानाने अंतर हाकेचं. पण या लोकांना बघताना गोळी सुटण्याकडे नका बघू, न सुटण्याकडे बघा. नेम धरला, काहीतरी जुळलं नाही, रायफल खाली घेतली, पुन्हा पहिल्यापासून. मी असं कधीच केलं नव्हतं. गालाला दस्ता लागला की माझा चाप सुटायलाच हवा, असा माझा समज होता.

१००० वर काट मारली. ६०० लिहिलं.

ऑगस्ट. प्राँगहॉर्न मादीचा टॅग, म्हणजे एक जनावर मारायचा परवाना, सोडतीत लागला होता. हरणासारखं दिसणारं, मैदानी, भन्नाट पळणारं जनावर. नजर अशी की मैलावरून माणूस हेरतं. त्याच्या छातीतला मर्माचा भाग साधारण आठ इंच धरतात. म्हणून आठ इंची कागदी ताटल्या घेतल्या आणि नियम केला: पहिली गोळी तीच मोजायची. थंड नळी, सराव नाही, दुसरी संधी नाही. ताटली हुकली की जनावर जखमी.

इथे वहीतला आकडा घसरू लागला. ६०० वर गोळीला पोहोचायला पाऊण सेकंद लागतो; तेवढ्यात चरणारं जनावर एक पाऊल टाकतं, चापात काही चूक नसताना. ४०० वर वारा ताशी ५ मैलांनी चुकला तर गोळी चारेक इंच सरकते, म्हणजे ताटलीची कडाच. आणि वारा मी किती चुकतो ते वर लिहिलंच आहे. ६०० वर काट.

मग पॉनी ग्रासलँडला एक चक्कर मारली. सरकारी गवताळ माळ, मध्ये मध्ये खासगी जमिनीचे चौकोन, बुद्धिबळाच्या पटासारखे. नकाशाचं अॅप उघडं ठेवूनच चालावं लागतं. व्हिडिओतल्या मास्तरांसारखा बायपॉड (नळीखालचे दोन पाय) लावून पालथा पडलो. एक, समोर गवत. स्कोपमध्ये फक्त पिवळ्या काड्या. दोन, खाली निवडुंग. इथला निवडुंग जमिनीला चिकटून वाढतो, गवतात दिसत नाही. कोपर, पोट आणि एक जागा जी लिहीत नाही. बायकोने चिमट्याने रात्री काटे काढले, मोजून सतरा. व्हिडिओत सगळे स्वच्छ चटईवर पडलेले असतात.

म्हणजे बसून मारावं लागणार, तिपाईवर. सप्टेंबरभर तेच. पालथं पडून ४०० वर दहांपैकी नऊ ताटल्या. बसून तिपाईवर, शंभर पावलं पळून आल्यावर: ३०० वर सहा, २५० वर नऊ. ४०० वर काट. मार्करची शाई संपत आली होती, २५० फिकट उमटलाय.

बाबांना आकडे सांगितले. राजापूरकडच्या घरी आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर. बाबा म्हणाले, "आमचे नाना डुक्कर पन्नास पावलांच्या आत आल्याशिवाय बार काढायचे नाहीत. एकदा बार फुकट गेला की परत दारू ठासायला वेळ कुठला?" मग थोडं थांबून: "अडीचशे यार्ड म्हणजे किती पावलं रे?" तीनशेच्या आसपास, म्हटलं. "बापरे. दिसतं तरी का?"

ऑक्टोबर. अंगावर कमरेच्या वर ५०० चौरस इंच भडक केशरी, शिवाय डोक्यावर टोपी केशरी, चहूबाजूंनी दिसेल अशी. आरशात बघून गणपतीच्या मिरवणुकीला निघाल्यासारखं वाटलं.

पहिल्या दिवशी दहा वाजता पाच माद्या ३८० वर, आडव्या उभ्या, अगदी व्हिडिओत असतात तशा. वारा १२ ते १८, झुळुकांनी. तिपाई मांडली, नेमही धरला, आणि रायफल खाली घेतली. फार थोर वाटलं नाही. चिडचिडच झाली, आणि दुपारभर गाडीत बसून तीन चपात्या लोणच्याशी खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी एका ओघळीतून चाळीस मिनिटं गुडघ्यांवर. गुडघ्याला या वेळी पॅड होते. ओघळीच्या टोकाला डोकं वर काढलं तर कळप २१२ वर, त्यातली एक मादी वेगळी, मागे उघडा उतार, म्हणजे गोळी पार गेली तरी मातीत. वारा पाठीमागून. हात टरेटवर गेला, शून्य नाही, ०.६. क्लिक मीच आधी फिरवले होते की काल राहिले होते? आठवेना. शून्यावर आणून पुन्हा मोजून ०.६ केलं. तोवर मादी दोन पावलं सरकली आणि मला परत बसावं लागलं.

डोळे उघडे होते. धक्क्यानंतर स्कोपमध्ये ती दिसत होती, हे मला पहिल्यांदा घडलं. साठेक पावलं पळाली आणि बसली, मग आडवी झाली. गोळी नेमापेक्षा तीन इंच मागे लागली होती. ताटलीत, पण मागे. वहीत लिहिलंय.

दिवस गरम होता. या जनावराचं मांस उन्हात राहिलं तर वास धरतं, म्हणून टॅग बांधून लगेच पोट उघडलं आणि कातडं काढलं. हा व्हिडिओ मी चाळीस वेळा पाहिला होता आणि तरी पहिल्या चिरेला हात थरथरला. वास, ऊब, काहीच पडद्यावर नसतं. दीड तास लागला, मास्तरांना बारा मिनिटं लागतात. गाडीपर्यंत दोन फेऱ्या. कूलरमध्ये ४० पौंड बर्फ.

घरी चरबी सगळी काढून टाकली, तिलाच उग्र वास असतो. मागच्या पायाचं सुकं केलं, वाटप भाजून, मसाला आईने पाठवलेला. शिजायला मटणाहून कमी वेळ, जास्त ठेवलं तर चामट. मुलगी दोनदा वाढून घेऊन म्हणाली, "बकरा आहे ना?" मी बायकोकडे बघितलं, ती ताटाकडे.

पुढचा हिशेब: तीन इंच मागे का गेली? चापावर बोट तिरकं पडत होतं असा संशय आहे, चित्रण बघून ठरवेन. तिपाईवर मागच्या बाजूला कोपराला आधार दिला तर २५० चे ३०० होतात का, हे हिवाळ्यात ताटल्यांवर. कोणी मागे दुसरी काठी वापरत असेल तर उंची किती ठेवता ते सांगा. माझी मांडी घालून बसलेली उंची ३४ इंच आहे. सोडतीचा अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला. नवा मार्कर घेतलेला नाही.