तुम्ही विचारलंत म्हणून: कलाकार येऊन राहतात, पण गावाला काय मिळतं?

बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव आहे. आमच्या वाड्यातल्या दोन खोल्यांत चित्रकार, शिल्पकार येऊन राहतात, काम करतात. शहरात याला आर्टिस्ट रेसिडेन्सी म्हणतात. पाहुणे येवोत, तालुक्याचे पत्रकार येवोत की भावकीतलं कुणी, प्रश्न ठरलेला: ते राहतात, चित्रं काढतात, निघून जातात, गावाला काय मिळतं?

प्रश्न रास्त आहे, आणि मराठवाड्यात तो फार जुना आहे. रॉबर्ट गिल हा इंग्रज लष्करी अधिकारी १८४४ मध्ये या कामासाठी नेमला गेला आणि पुढे वर्षानुवर्षं अजिंठ्याला राहून लेण्यांतल्या चित्रांच्या प्रतिकृती करत राहिला. १८७२ पासून जॉन ग्रिफिथ्स मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी घेऊन प्रतिकृती करायला येऊ लागला. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम या इंग्रज चित्रकर्तीने त्याच कामासाठी लेण्यांजवळच्या फर्दापूरला तळ ठोकला. नंदलाल बोस, असितकुमार हालदार, हैदराबादचे सय्यद अहमद त्यांच्यासोबत काम करत होते. गिलच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच १८८५ साली लंडनमध्येच जळाल्या. या माणसांच्या कष्टांपुढे मी हात जोडतो. पण ती आली होती लेण्यांसाठी. गाव हा त्यांचा मुक्काम होता. आजही गावाकडे येणारे अनेक कलाकार गावाला मुक्कामच समजतात, आणि माझं भांडण तेवढ्याशीच आहे.

कलावंताला ठेवून घेणं गावाला शिकवावं लागत नाही. हरिनाम सप्ताहात रोज नवे कीर्तनकार येतात. महाराज कुणाकडे उतरणार, पंगत कुणाची, बिदागी किती, हे सगळं मारुतीच्या पारावर बसून ठरतं. मुख्य म्हणजे बोलवायचं कुणाला, हेही गावच ठरवतं. मागच्या वर्षीचे आवडले नाहीत तर यंदा दुसरे. रेसिडेन्सीत कोण येणार हे लांब कुठेतरी ठरतं आणि गावाला थेट पाहुणाच दिसतो. आमच्या शेजारच्या गावात एका संस्थेने अशाच पाहुण्यांकडून भिंती रंगवून घेतल्या. चित्रात भरलेली विहीर, मोट, बैलजोडी. आणि त्या गावाला उन्हाळ्यात टँकरने पाणी. दोन पावसाळ्यांत रंगाचे पापुद्रे निघाले, कुणालाही हळहळ वाटली नाही. कशी वाटावी? त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

वेळेचंही तसंच आहे. शहरातल्या कलाकाराला थंडीत यायचं असतं. पण दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडचे कोयते, म्हणजे ऊसतोडीला जाणारी नवरा-बायकोची जोडपी, साखर कारखान्यांना निघतात. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, जोडीने जावंच लागतं. डिसेंबरात घराघरांत म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं तेवढी उरतात. तेव्हा येणारा "शांत गाव" रेखाटून नेतो. त्या चित्रात आमचं निम्मं गाव नसतं. म्हणून आम्ही ऊसतोडीच्या टोळ्या परतल्यावर, गुढीपाडव्यानंतरच खोल्या उघडतो. ऊन कडक असतं, पाण्याची ओढाताण असते, तरी तेव्हाच.

मिळतं काय, ते एका उदाहरणाने सांगतो. मुंबईची एक मुलगी आली होती. तिला शाळेच्या भिंतीवर गावातल्या बायकांची चित्रं काढायची होती. पलीकडच्या आजी ओसरीवर वाकळ शिवत होत्या. त्या म्हणाल्या, "भिंतीचं राहू दे माय, आधी दोरा ओवून दे. मला दिसंना गेलंय." ती दोरा ओवायला बसली आणि मुक्काम संपेपर्यंत रोज तिथेच बसत गेली. जुन्या लुगड्यांचे थर कसे अंथरायचे, सुरकुती न पडता कडेकडेने धावदोरा घालत मध्यापर्यंत कसं यायचं, कुठलं ठिगळ कुणाच्या पातळाचं, हे तिने विचारून विचारून कागदावर उतरवलं. आजींच्या नातींनी तोवर हे कधी विचारलं नव्हतं. त्याही येऊन बसायला लागल्या. शेवटी शाळेत वाकळा टांगल्या, खाली शिवणाऱ्या बाईचं नाव लिहिलं. एका सुनेने आपलं नाव पुन्हा पुन्हा बोटाने वाचलं. रेशनकार्ड, बँकेचं पासबुक सोडलं तर ते दुसरीकडे कुठे लिहिलेलं तिने पाहिलं नव्हतं. मला विचाराल तर गावाला मिळालं ते हे.

असं काम मोठ्या प्रमाणावरही होतं. छत्तीसगडच्या बस्तरमध्ये कोंडागावला नवज्योत अल्ताफ या कलाकार बाईंनी तिथल्या आदिवासी कलाकारांबरोबर हातपंपांभोवतीची जागा घडवली. पाणी वाहून जायची सोय केली आणि भरलेलं भांडं डोक्यावर घेण्याआधी टेकवायला जागा ठेवली. पाणी भरणाऱ्या बाईच्या मानेवरचा भार त्यांना दिसला, कारण त्या तिथे वर्षानुवर्षं येत-जात, राहत होत्या. आठवड्याभरात असा भार दिसत नाही, म्हणून महिन्याच्या आत जाणाऱ्याला मी खोली देत नाही. आणि शिकवणाऱ्या बाईला तिच्या दिवसाची मजुरी मिळालीच पाहिजे. कलाकाराला मानधन आणि तिला नुसता चहा, हे आमच्याकडे चालत नाही.

पुढच्या पाडव्यानंतर कोण यावं, हे बायकांनी आत्ताच सांगून ठेवलंय: धुतल्यावर न उतरणारा पक्का रंग देता येणारा माणूस बघा. चित्र काढता नाही आलं तरी चालेल. मी शोधतोय. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर कळवा, आणि उन्हाळ्याची तयारी ठेवून या म्हणावं.