गोंकूरची कादंबरी मूळ फ्रेंचमधून वाचायची, तर आधी कोणती?

फ्रेंचची बी२ (मध्यमच्या वरच्या पातळीची) परीक्षा झाली की दुकानात हात आपसूक गोंकूर विजेत्याच्या लाल पट्टीच्या पुस्तकाकडे जातो. प्री गोंकूर हा फ्रेंच साहित्य पुरस्कार १९०३ पासून दिला जातो. सप्टेंबरच्या सुरुवातीला पंधराएक कादंबऱ्यांची यादी लागते, ती गळत गळत चारवर येते आणि नोव्हेंबरच्या सुरुवातीला पॅरिसच्या द्रुआं रेस्टॉरंटात दहा सदस्य विजेता ठरवतात. बक्षीस १० युरोंचं, खरी कमाई खपाची. चौदाव्या फेरीतही मतं समसमान पडली तर अध्यक्षांचं मत दुप्पट धरतात. २०२२ चा निकाल तसाच लागला. शिकणाऱ्याला हे पुस्तक झेपेल का, याच्याशी या साऱ्याचा काही संबंध नाही.

माझं मत: सुरुवात लेला स्लिमानीच्या ‘शांसाँ दूस’ने (२०१६) करावी. मुलं सांभाळणाऱ्या बाईच्या हातून काय घडलं, ते पहिल्याच पानावर कळतं. त्यामुळे ‘पुढे काय झालं’ शोधताना दमछाक होत नाही. वाक्यं तोकडी, कथन बरंचसं वर्तमानकाळात, शब्द घरातले, रोजचे.

त्यानंतर २०२२ ची विजेती, ब्रिजित जिरोची ‘व्हिव्र व्हीत’. नवऱ्याचा मोटरसायकल अपघात टळला असता तर, या एकाच प्रश्नाभोवती प्रकरणं रचली आहेत. ‘सी’ (जर) लावून प्लू-क-पार्फे (पूर्ण भूतकाळ) आणि पुढे काँदिसिओनेल पासे (‘झालं असतं’चं रूप) ही जोडी व्याकरणाच्या पुस्तकात कितीही घोकली तरी सुटते. इथे ती पानोपानी भेटते आणि अंगवळणी पडते.

फसवतात ती बारीक पुस्तकं. एरिक व्हुइयारची ‘लोर्द्र द्यु जूर’ (२०१७) जेमतेम दीडशे पानांची, पण फेब्रुवारी १९३३ मध्ये हिटलरला भेटलेले जर्मन उद्योगपती आणि ऑस्ट्रियाचं विलीनीकरण आधी ठाऊक नसेल तर लेखकाचा उपरोध हातीच लागत नाही. एमिल आजार या नावाने रोमँ गारीने लिहिलेली ‘ला व्ही दव्हाँ स्वा’ (१९७५) त्याहून घातक. निवेदक मोमो लहान मुलगा, म्हणून भाषा सोपी वाटते. प्रत्यक्षात तो शब्द मुद्दाम चुकीच्या जागी वापरतो. नवखा वाचक त्या चुका शुद्ध फ्रेंच समजून वहीत उतरवतो. (गोंकूर एका लेखकाला एकदाच मिळतो. गारीला १९५६ मध्ये मिळालेला होताच!)

निकोला मात्यूच्या २०१८ च्या विजेत्या कादंबरीत नव्वदच्या दशकातल्या, फ्रान्सच्या लोरेन भागातली पोरं बोलतात. त्यांच्या शिव्या आणि उलटवलेले शब्द छोट्या शब्दकोशात सापडत नाहीत. ऑनलाइन विक्सियोनेर (फ्रेंच विक्शनरी) उघडं ठेवा. म्बुगार सार (२०२१) आणि लोराँ मोव्हिन्ये (२०२५) या विजेत्यांची पुस्तकं सी१ या पुढच्या पातळीनंतरच. मोव्हिन्येची साडेसातशेच्या आसपास पानं आहेत आणि वाक्यंही तशीच लांबलचक.

गोंकूर दे लिसेआँ (विद्यार्थ्यांचा गोंकूर) मात्र दुर्लक्षित राहतो, ते बरोबर नाही. १९८८ पासून शाळकरी विद्यार्थी गोंकूरच्याच यादीतून आपला विजेता निवडतात. २०२१ ची त्यांची निवड, क्लारा द्युपों-मोनोची ‘साडाप्ते’, अपंग बाळाच्या भावंडांची गोष्ट आहे आणि ती सांगतात अंगणाच्या भिंतीतले दगड. भाग तीन, पात्रं मोजकी, त्यांना नावंही नाहीत.

निवडलेल्या पुस्तकाची वीस पानं शब्दकोशाविना वाचून पाहा. पानामागे दहाहून जास्त शब्द अडले तर ते बाजूला ठेवून दुसरं घ्या. आणि नोव्हेंबरात घाई नको; स्वस्त पोश (खिशात मावणारी) आवृत्ती साधारण वर्ष-दीड वर्षाने येते.